पावसाळ्यात मोजलेला किनारा

दाऊदसाहेबांची नि माझी पहिली भेट म्हणजे माझी पहिली फजिती. संस्थानच्या गादीवर नवे अधिपती आले आणि रस्ते, बंदरे, बाजार, शाळा कुठे असाव्यात याचा सबंध मुलखाचा एकच आराखडा करण्याचे काम साहेबांकडे आले. मी त्यांचा नवा नकाशानवीस. माझा पहिला नकाशा पाहून ते म्हणाले, "काय हो जोशी, यात माणसं कुठं आहेत?" मला रागच आला. नकाशात काय माणसे काढतात होय!

श्रीवर्धनच्या कोळीवाड्याची मोजणी मी भर श्रावणात केली. किनाऱ्यालगत गवत माजलेले मोकळे मैदान दिसले. मी झोकात 'पडीक' असे लिहिले आणि आराखड्यात तिथे नवी बाजारपेठ आली.

दिवाळीनंतर साहेबांबरोबर खुंट्या ठोकायला गेलो, तो मैदानभर बोंबील नि सुकट वाळत पडलेली! हौसाबाई नावाच्या कोळणीने माझी खुंटीच उपटली. "ही जागा पडीक हाय व्हय? आवं, पावसात होड्या वर ओढल्यावर आमी काय सुकवनार, तुमची धोतरं? ही गेली तर पावसाचं चार म्हयनं पोरं खातील काय?"

आराखडा आठवड्याभरात मंजूर व्हायचा होता आणि त्यावर साहेबांची बढती अवलंबून होती. तरी भर दरबारात ते म्हणाले, "चूक माझी आहे. सगळा किनारा पुन्हा मोजावा लागेल." माझे नाव त्यांनी घेतले नाही. मंजुरी लांबली, वरची जागा दुसऱ्याला मिळाली.

मग आम्ही प्रत्येक गाव उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, असे मोजले. साहेब माझ्या सोवळ्याची भरपूर थट्टा करीत. पण मुक्कामावर माझी वेगळी चूल पेटल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. अशी माणसे वाट्याला येणे हे भाग्यच, दुसरे काय!

बाजारपेठ पुढे टेकडीच्या पायथ्याशी वसली. कोळ्यांच्या मैदानावर आजही मासळी वाळते, आणि हौसाबाई दरवर्षी साहेबांच्या घरी सुकटीची टोपली पोचवते.

आज साहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ वाचणारे पुष्कळजण त्या दरबारात हजर होते आणि ती चूक साहेबांचीच, असे ते आजवर समजतात. मंडळी, 'पडीक' हे अक्षर माझ्या हातचे होते. हे कुठे बोलायचे नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद आहे. इतक्या वर्षांत त्यांचा हुकूम मी आज प्रथमच मोडतो आहे. ते रागावणार, हे नक्की. माझ्यावर मनसोक्त रागावता यावे म्हणून तरी त्यांना ठणठणीत प्रकृतीची आणखी पुष्कळ वर्षे लाभोत.