वायफायचे कंट्रोलर

"तुम्हाला लूपवर घेतलंय," असं काका शांतपणे सांगायचे. तुम्ही असता तर तुम्हीही माझ्यासारखेच चिडला असता.

मागच्या गाडीला पुढे जाऊ द्यायला एखादी गाडी बाजूच्या रुळावर उभी करतात, तो रूळ म्हणजे लूप. काका मूळचे भुसावळचे, जयपूरच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले. तिथल्याच मुरलीपुरा भागात आम्ही चार मराठी घरांनी मिळून एकच वायफाय घेतलं आणि राऊटर भाबडेपणानं त्यांच्या हाती दिला. झालं, आमच्या इमारतीत गाड्या धावू लागल्या.

व्हिडिओ कॉल म्हणजे एक्सप्रेस, कारण बोलणं मध्येच तुटून चालत नाही. मुलांचा अभ्यास पॅसेंजर. सिनेमे, मालिका मालगाडी. माझं बँकेचं कामही त्यांनी मालगाडीतच घातलं. ते उशिरा पोचलं तरी नासत नाही म्हणे. शेजारच्या जोशीवहिनींनी एकदा मालिका बघताना डॉक्टरांशी कॉल चालू आहे अशी थाप मारली. काकांनी दार वाजवून विचारलं, डॉक्टर मध्येच गाणं का म्हणतायत?

पण मालगाडी त्यांनी कधी कायमची अडवली नाही. एक्सप्रेस कितीही असोत, वहिनींना थोडं थोडं सोडायचेच. "मालगाडीतही ड्रायव्हर असतो. त्यालाही घरी जायचं असतं," म्हणायचे.

मग हृदयाच्या ऑपरेशनसाठी ते मुलाकडे नागपूरला गेले. इकडे कुणाचं कुणाला भान राहिलं नाही. सगळेच एकदम नेटवर तुटून पडायचे आणि प्रत्येक कॉल अडकायचा. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी काकांचा कॉल यायच्या आधी चारही घरांनी सगळं बंद केलं. वहिनींच्या मालिकेत त्या दिवशी लग्न होतं, तरीही. आम्ही सगळे माझ्या फोनभोवती जमलो.

काका दिसले. आम्हाला भरून आलं. ते मात्र कपाळाला आठ्या घालून बघत राहिले.

"चित्र एवढं स्वच्छ कसं? कुणाला अडवलंत?"

वहिनींनी मान खाली घातली.

"वहिनी, आधी घरी जाऊन टीव्ही लावा."

"पण काका, मतलब, आज तरी..."

"माझ्यासाठी कुणी उभं राहायचं नाही."

वहिनी डोळे पुसत गेल्या. काका माझ्याकडे वळले, म्हणाले, "आणि तुम्हाला एक सांगायचं होतं," आणि तिथेच चित्र गोठलं. आम्ही खूप वेळ वाट पाहिली.

ऑपरेशन टेबलावरून ते परत आले नाहीत. त्यांना मला काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. त्या संध्याकाळी त्यांच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे बघत बसलो होतो, तेव्हा शेजारून मालिकेतली सनई मात्र जराही न अडकता ऐकू येत होती.