देव्हाऱ्यातलं हवेचं यंत्र

हळदीकुंकू लावलेलं यंत्र दिसलं की मला आजही शिसारी येते. दसऱ्याला लोक नांगराला, सायकलीला, शिवणयंत्राला फुलं वाहतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नांगर दुसऱ्या दिवशी शेतात जातो. मी बोलतोय ते रोज पूजा होणाऱ्या आणि एकदाही खरं बोलू न दिलेल्या यंत्राबद्दल. ते निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर होतं. त्या व्यापाऱ्याला सारा गाव आप्पा म्हणे. मीही म्हणायचो, कारण माझ्या आक्काच्या घरची तंबाखू तेच घेत.

मी तेव्हा बेळगावच्या वेधशाळेत नोकरीला होतो. नाव मोठं, काम साधं. सकाळ-संध्याकाळ हवेचा दाब दाखवणाऱ्या नळीतल्या पाऱ्याची उंची बघायची, वारा कुठून येतो, ढग कसले आहेत ते बघायचं आणि आकडे तारेने पुण्याला पाठवायचे. तिथे गावोगावचे आकडे नकाशावर मांडून समुद्रात वादळ तयार होतंय का, जोर धरतंय का, हे ठरवीत. मग इशारे जात ते बंदरांना, आगबोटींना आणि साहेब लोकांना. ज्याचा माल उघड्यावर पडलेला असे त्या शेतकऱ्याला कळवायची रीतच नव्हती. मी एकदा आमच्या मुख्य कारकुनाला याबद्दल विचारलं, तर "त्यांना तार वाचता येते होय रे?" म्हणून तो पान चघळत हसला. त्याच्या त्या लाल दातांची मला अजून किळस येते.

त्या साली मार्गशीर्षात मी रजा काढून आक्काच्या गावी गेलो. गाव निपाणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझी थोरली भाची मराठी चौथी पास झाली होती आणि तिला बेळगावच्या मुलींच्या शाळेत घालायचं आक्काने मनात घेतलं होतं. राहायला बेळगावाला लागूनच, अनगोळला, माझं बिऱ्हाड होतंच. दाजींची अट एकच, तंबाखू चांगली गेली पाहिजे. आक्का मला म्हणाली, "मला लुगडं नगं, डोरलं नगं. औंदा पोरगी शाळंत जाऊ दे." पोरगीने आपली दोन परकर-पोलकी बांधून ठेवली होती आणि मी आल्यापासून बेळगावात आगगाडी कुठून दिसते हेच विचारत होती.

तंबाखू कापून शेतात पसरलेली होती. आमच्याकडे ती तशीच उन्हात वाळवतात. वाळताना झोडपून पाऊस पडला तर पान काळं पडून कुजतं. आणि पावसाच्या धास्तीने ओलसर असतानाच घरात रचली तर ढीग आतून तापतो, बुरशी धरतो, तेही नुकसानच. म्हणजे नुसतं आभाळ भरून येऊन निघून जाणार असेल तर हात लावायचा नाही, आणि वादळ जोराचं असेल तर निम्मीअर्धी हाती लागेल ती उचलायची. येणारं किती जोराचं आहे, एवढ्यावर पोरीची शाळा अडकली होती.

आभाळ मला आल्या दिवसापासून आवडत नव्हतं. नैऋत्येकडून पिंजलेल्या कापसासारखे ढग चढत होते, सूर्याला खळं पडलं होतं आणि पूर्वेचा वारा हळूहळू दक्षिणेकडे सरकत होता. पण ढग बघून वादळाचा जोर सांगता येत नाही. त्याला हवेचा दाब लागतो, आणि तोही एकदा बघून भागत नाही. काल याच वेळी किती होता, परवा किती, आणि रोजची उतरण वाढतेय का, हे बघावं लागतं. माझा पारा राहिला बेळगावला. मी दाजींना म्हणालो, "मला वादळाचं लक्षण दिसतंय."

"पावणं, तुमचं लक्षण ऱ्हाऊ द्या," दाजी म्हणाले. "आप्पाचं यंत्र काय म्हणतंय ते बगून येऊ."

हे यंत्र आप्पांनी बेळगावच्या कॅम्पात विलायतेला परत निघालेल्या एका लष्करी साहेबाच्या सामानाच्या लिलावात उचललं होतं. हवेचा दाब दाखवणारं, पितळी, गोल, काचेआड काटा आणि कडेने इंग्रजी अक्षरं: वादळ, पाऊस, बदल, निरभ्र. यंत्र समुद्रकाठच्या हिशेबाने लावलेलं आणि आमचा मुलूख समुद्रापासून बराच उंच, त्यामुळे काटा कायम वादळावरच बसलेला. घड्याळजीने मागचा स्क्रू फिरवून तो जागेवर आणून दिला. इथवर सगळं ठीक होतं. पण तो स्क्रू त्याने आप्पांना दाखवला, आणि तिथेच माती खाल्ली.

आम्ही पेढीवर पोहोचलो तेव्हा पूजा चालू होती. यंत्र देव्हाऱ्यातच, देवांच्या शेजारी, गळ्यात झेंडूची माळ. बाहेर पायरीवर आजूबाजूच्या गावचे शेतकरी वहाणा काढून उभे होते. काटा पाऊस या अक्षरांच्याही खाली गेला होता. मी चरकलो. इतक्यात पेढीच्या दिवाणजींनी पूजेच्या तबकातून, कुंकवाच्या कोयरीशेजारून, स्क्रू फिरवायचा एक छोटा पेचकस उचलला, यंत्र पालथं केलं आणि काटा निरभ्रवर आणून ठेवला. मग घंटा वाजली. लोक एकेक करून आत आले, काटा चांगल्यावर बघून त्यांनी हात जोडले आणि समाधानाने निघाले.

"हे काय करताय?" मी दिवाणजींना विचारलं.

"काटा जाग्यावर बसवतो की. देवाम्होरं वादळ दाकवणं बरं न्हवं, अशुभ असतंय."

"रोज बसवता?"

"व्हय, रोज पूजंच्या टायमाला."

मी तिथून निघणारच होतो. पण धंद्याची सवय जात नाही. रोज एकाच वेळी काटा मागे फिरवला जात होता, तर रोज जेवढा फिरवावा लागला तेवढीच त्या दिवसाची उतरण. मी म्हणालो, "परवा केवढा फिरवावा लागला?"

"परवा उगंच, इवलासा."

"आणि काल?"

"काल जरा जास्ती." त्यांनी बोटांत अंतर धरून दाखवलं. "आज मातूर लई उतरलाय बगा. कालच्या दुप्पट."

यापेक्षा स्वच्छ इशारा पुण्याहूनसुद्धा आला नसता. वादळ मोठं होत होतं की जवळ येत होतं, हे एका जागी उभं राहून सांगता येत नाही. शेतातल्या पानाला दोन्ही सारखंच. मी आप्पांना आणि पायरीवरच्या लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजच तंबाखू उचला. उतरण दिवसेंदिवस वाढतेय. उद्या झोडपणार." आणि खात्री पटावी म्हणून, आम्ही नेहमी करतो तसं, काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारली. अडकलेला काटा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत थोडा खाली सरकला.

"हात लावू नगंस!" आप्पा ओरडले. "आंगूळ करून आलायस काय रं? देवाला टिचकी मारतोस?"

लोक माझ्याकडे विटाळ झाल्यासारखे बघायला लागले. आप्पांनी गोमूत्र आणवलं, यंत्र शिंपडलं, काटा पुन्हा निरभ्रवर बसवला आणि हात वर करून सांगितलं, "जावा रं घरला. काय हुत न्हाय."

मी घरी येऊन आक्काला सांगितलं. तिने काहीही न विचारता पदर खोचला, शेजारच्या दोघी बायका बोलावल्या आणि पोरीला घेऊन शेतात गेली. काही भारे त्यांनी घरात आणलेही. तेवढ्यात दाजी आले. "कच्ची उचललीस तर आप्पा घेणार न्हाय," म्हणून त्यांनी बायकांना घरी घालवलं आणि मला म्हणाले, "तुमी पाप केलंय ते केलंय, आता आमच्या पोटावर नगा येऊ." आक्का बांधावर बसून राहिली. पोरगी तिच्याजवळ उभी होती, हात तंबाखूने चिकट झालेले.

दुपारी आम्ही रस्त्याकडेला असताना आप्पांच्या गाड्या गेल्या. त्यांच्या स्वतःच्या मळ्यातली तंबाखू भरभरून, वर ताडपत्र्या बांधून, निपाणीच्या गोदामाकडे. मी दाजींना कोपराने ढोसलं. "बघा. काटा निरभ्रवर आहे ना?"

"त्येंच्याकडं जागा हाय, नेत्यात," दाजी म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. त्या क्षणी मला आप्पांपेक्षा दाजींचा जास्त तिटकारा आला. लुच्चेगिरी समजते, पण डोळ्यांपुढून गाड्या जाताना मान वळवणाऱ्याचं काय करायचं?

पहाटे पाऊस आला आणि दोन दिवस हलला नाही. वाऱ्याने शेजाऱ्याची कडब्याची गंजी रस्त्यावर आणली. उघडीप झाल्यावर शेतात गेलो तर पायाखाली काळा लगदा होता आणि वास असा की आक्काने पदर नाकाला लावला तो काढला नाही. सगळ्या शिवाराला तो वास होता. भाकरीला यायचा, अंथरुणाला यायचा. घरात आणलेले ते थोडे भारे आप्पांनी घेतले, "जुन्या ओळखीसाठी" म्हणून, आणि पडेल भावाने.

गावाचा निवाडा मात्र वेगळाच लागला. यंत्राने निरभ्र म्हटलं होतं, आक्काच्या भावाने टिचकी मारून विटाळलं म्हणून कोप झाला. आप्पा हे पेढीवर सांगत, आणि ज्यांची तंबाखू कुजली तेच माना हलवत. दाजींनी माझ्या नावाने यंत्रापुढे नारळ फोडला. मी रजा संपायच्या आधीच बेळगावला निघालो. परकर-पोलक्यांचं गाठोडं खुंटीला तसंच होतं. आक्का म्हणाली, "फुडल्या साली बगू." पुढल्या साली पोरगी विड्या वळायला लागली होती.

पुढे काही वर्षांनी, महायुद्धाच्या दिवसांत, कामानिमित्त निपाणीला गेलो, तेव्हा तिला भेटायला आप्पांच्या विड्यांच्या कारखान्यात गेलो. लांब पडवीत बायका ओळीने बसलेल्या, मांडीवर सुपं, हवेत तंबाखूची भुकटी. भाची खोकत खोकत वळत होती. तिच्या बोटांकडे मला बघवेना. समोरच्या भिंतीवर, कामगारांनाही दर्शन व्हावं म्हणून, ते यंत्र आणून टांगलं होतं. ताजी माळ, काटा निरभ्रवर. मी तिची चौकशी करत करत दोन पावलं भिंतीकडे सरकलो, तशी ती वळायची थांबली. घाबरून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, त्येला हात लावू नका हं. मागं काय झालतं ठावं हाय न्हवं."