मुंबई ते ऑकलंड, मधला भाग

मुंबई ते ऑकलंड हे अंतर बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. सरळ विमान नाही. मधे एकदा उतरायचं, पुढच्या विमानाची वाट पाहायची, असं सगळं धरलं तर जवळपास एक दिवस जातो. आमच्या बोळिंजच्या घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ त्यात कोणी धरत नाही. मी धरतो.

ऑकलंडला माझी धाकटी बहीण असते. गेल्या वर्षी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. हृदयही थकलेलं, म्हणून डॉक्टरांनी चार तासांपलीकडचा विमानप्रवास बंद केला. इकडे आईची फुप्फुसं अशक्त. तिच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: चार तास, त्याहून जास्त नाही, आणि मग महिनाभर विश्रांती. दोघींना एकमेकींना भेटायचं होतं. ते लवकर व्हायला हवं, एवढं मात्र घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मी बरेच दिवस वेळापत्रकं चाळली. चार तासांत आई कोलंबोपर्यंत पोचते, बहीण सिडनीपर्यंत. मधे पावणेनऊ हजार किलोमीटर उरतात. दुसरे विमानतळ घालून पाहिले, तरी मधला भाग मिटेना. शेवटी आईला नकाशा दाखवला.

तिने चष्मा लावून तो नीट पाहिला. "आणि तुला कोणी अडवलंय? तुझं काय दुखतंय?"

"मी जाऊन काय होणार? तिला तू हवी आहेस."

"मी हवी आहे ते ठाऊक आहे मला. नकाशात बोटं घालून मी पोचणार आहे का तिथे?"

व्हिसा आला. आईला आगाशीची सुकेळी द्यायची होती, पण वाळवली तरी ती केळीच, आणि बहिणीला केळ्याचं पथ्य. मग निघताना आईने मला समोर बसवलं, दोन्ही तळहात माझ्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

"हे असंच तिला कर. आणि हाताला कशी लागते ते मला सांग. फोनवर नुसतं तोंड दिसतं."

पन्नाशीच्या भावाने बहिणीच्या तोंडावरून हात फिरवायचा म्हणजे अवघडच. ऑकलंडला पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी ती डायलिसिसहून येऊन खुर्चीत बसली, तेव्हा पुढे झालो. तिने डोळे मिटले.

"आईने सांगितलंय ना?"

"हो."

"मग नीट कर. ती एवढी घाई करत नाही."

संध्याकाळी आईला फोन लावला. कशी आहे वगैरे काही न विचारता ती म्हणाली, "हाताला कशी लागली?"

बरी आहे म्हणता आलं असतं. पण ती विश्वासाने विचारत होती. "हाडं लागली," मी म्हणालो.

 

"परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का बघ," ती म्हणाली.