'रिकामं' या शब्दापुढची खूण

आज कोन गावात सर्व्हे होता. मी घरांच्या अर्थशास्त्रावरच्या एका प्रकल्पात रिसर्च असिस्टंट आहे, सध्या रिकामे फ्लॅट मोजतेय.

एका फ्लॅटचं दार उघडं होतं. आत सामान काहीच नाही. एक काका एकटेच फरशी पुसत होते.

"इथे कोण राहतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. ताबा मिळायच्या आधीच मिसेस वारल्या. मी रविवारी येऊन साफ करून जातो."

मी फॉर्मवर 'रिकामं'पुढे खूण केली. ते वाकून बघत होते.

"ताई, 'बंद' लिहा ना. ओट्याचा दगड तिने बुकिंगच्या वेळीच पसंत केलाय."

'बंद' म्हणजे राहणारी माणसं बाहेर गेलेलं घर; नियमाप्रमाणे हे रिकामंच होतं. मी खूण बदलली नाही.

निघताना काका म्हणाले, "चहा दिला असता, पण अजून गॅस घेतला नाही."

'अजून' म्हणाले ते.

तुम्ही कुठे खूण केली असती?