भुऱ्याची पेटी

गौराबाई रागीट होती, हे सांगायला कुणाची साक्ष काढायला नको. माथेरानच्या पायथ्याला, कर्जतच्या अंगाला तिचं घर. ती पडवीत कडाडली की खालच्या आळीतली माणसं हातातला घास हातातच धरून ऐकत बसायची. पण त्या हिवाळ्यात घरी आलेल्या पिल्लावर तिनं एकदाही आवाज चढवला नाही.

पिल्लाचं नाव भुऱ्या. त्याच्या आईला बिबळ्यानं अंगणातूनच उचललं होतं. दिवस मावळला की तो डोंगर उतरायचा, आणि बाहेर राहिलेलं कुत्रं सकाळी दिसेल याचा भरवसा नसायचा. घरात घ्यावं, तर तिचा नवरा बुधाजी आडवा आला. "कुत्रं उंबऱ्याच्या आत येता कामा नाय. आमच्या आयेनं कदी येऊ दिलं नाय." म्हातारी जाऊन कैक वर्षं झाली होती, पण तिचा कायदा जिवंत होता. बुधाजी साजगावच्या कारखान्यात कामाला होता; शेवटी तिथून त्यानं एक भक्कम लाकडी पेटी आणली. तिला फळ्यांचं दार आणि कडी बसवली.

"घाल त्याला आत आन लाव कडी," बुधाजी म्हणाला.

"तुमाला घालून लावू का?" गौराबाई खेकसली.

तिच्या बापानं गोऱ्हे जुवाला लावले ते गूळ चारून, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. तिनं पेटीचं दार सताड उघडं ठेवलं, आत जुनं लुगडं अंथरलं आणि चिमूटभर सुकट टाकली. भुऱ्या आत गेला, सुकट खाऊन बाहेर पळाला. मग तिनं त्याची भाकरीही आत ठेवायला सुरुवात केली. पुढे तो खात असताना दार हलकेच लोटायची आणि तो कुंई करायच्या आत उघडायची. "शाना गं माजा बाळ," असं म्हणत पुन्हा सुकट.

शेजारची चंद्राबाई हसायची. "गौरे, पोरांशी कदी येवढं गोड बोललीस का गं?"

"पोरांना कुठं पेटीत निजवायची होती?"

आणि खरंच, सांजेला सुकटीचा डबा वाजला की भुऱ्या कुठूनही धावत यायचा आणि आपणहून पेटीत जाऊन बसायचा. कडी लागली तरी हू की चू करायचा नाही.

मग एके दिवशी भुऱ्यानं बुधाजीची नवी चप्पल फाडली. गौराबाई विहिरीवरून आली तेव्हा बुधाजी त्याच चपलेनं त्याला बडवत होता. तिच्या देखत त्यानं पिल्लू मानगुटीला धरून पेटीत फेकलं, दार आपटलं आणि वर लाथ घातली. आत भुऱ्या मुतला.

तिनं कडी काढली तसा तो बाणासारखा अंगणातल्या बैलगाडीखाली जाऊन दडला. सांजेला डबा वाजला, पण तो हलला नाही. पेटीच्या तोंडाशी सुकट तशीच पडून राहिली आणि डोंगराची सावली अंगणात उतरली. गौराबाईच्या मस्तकात तिडीक गेली. तिनं गाडीखालून थरथरतं पिल्लू ओढलं, छातीशी धरलं आणि सरळ उंबरा ओलांडला.

"आयेनं कदी—" बुधाजी दारात उभा राहिला.

"बाजूला व्हा! तुमच्या आयेचं मला सांगू नका. दूध उतू गेलं म्हनून तिनं मला भाताच्या कोठीत कोंडलं होतं. नवी नवरी होती मी. तुमी बाहेर जेवत होता."

"ते जुनं झालं."

"तुमचं झालं आसंल! मी आजून कोठीत जाताना दारात वरवंटा ठेवते, दार लागू नये म्हनून. येवढ्या वर्सांत तुमाला कदी दिसलं नाय?"

बुधाजीला ते दिसलं होतं. वाटेत वरवंटा टाकते, घरभर पसारा करते, म्हणून कुरकुरत तो दर वेळी तोच उचलून जागेवर ठेवत आला होता.

तो दारातून बाजूला झाला.