गौरीखालचा बस्ता

वसंत ऋतू आमच्या घरी दरवर्षी येत असे. मी त्याला कधीही बोलावले नव्हते.

वसंताची स्तुती करणाऱ्या कवींना बहुधा संसार नसावा. असलाच तर तो त्यांच्या बायका एकट्या करीत असाव्यात. उज्जैनच्या फ्रीगंजमधील आमच्या भाड्याच्या घरात वसंत म्हणजे गच्चीवर पापड, ओसरीवर निवडायला पसरलेला वर्षाचा गहू, आणि पहाटेपासून ओरडणारी कोकिळा. तिला माझी दहा वर्षांची कन्या मालू खिडकीतून उलट ओरडून उत्तर देत असे. (दोघींपैकी कोणीही भूगोल पाठ करीत नसे.) पाडव्याला कडुनिंबाचा पाला खायला मिळे. या ऋतूतील तेवढा एकच पदार्थ मला प्रामाणिक वाटे.

ज्या चैत्राची ही हकिकत आहे, त्या चैत्रात मला वसंताचा तिरस्कार करायलाही सवड नव्हती. मध्य भारत हे राज्य संपले होते आणि नवा मध्य प्रदेश झाला होता. ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, रीवा, सगळीकडचे कारकून सरकारने एकाच पोत्यात ओतले होते. आता कोण ज्येष्ठ आणि कोण कनिष्ठ, याची नवी यादी व्हायची होती. आमच्या कचेरीत वाद होता तो मी आणि कानडे यांच्यात. कानडे माझ्यानंतर चार महिन्यांनी नोकरीला लागला होता. ते चार महिने मी त्याला वीस वर्षे विसरू दिले नव्हते. परंतु कचेरीच्या नव्या नोंदवहीत कोणा महाभागाने आम्हा दोघांची तारीख एकच लिहिली होती, आणि वयाने कानडे मोठा. माझ्या नेमणुकीच्या मूळ हुकुमासह शनिवारी दुपारपर्यंत अर्ज दिला नाही, तर कानडे माझा वरिष्ठ होणार होता. कानडे! जो फाईल वाचताना गुणगुणतो!

या अर्जाचा मसुदा मी अकरा वेळा लिहिला. सहावा मसुदा चालू असताना माझी पत्नी सुमती दारात येऊन उभी राहिली. चैत्र शुद्ध तृतीया होती. त्या दिवशी चैत्रगौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे पुरता महिनाभर, तिला जागेवरून उठवायचे नसते. माहेरपणाला आलेली लेक, तिला ऊठ कोण म्हणणार? (मला विचारले असते तर मी म्हटले असते. मला कोणी विचारीत नसे.)

"अहो, गौरीला पायऱ्या रचायच्या आहेत. मागच्या वर्षीचे खोके उंदरांनी कुरतडलेत. काय घेऊ?"

"अर्ज चालू आहे."

"चालू द्या. पण मी घेऊ काय?"

"त्या कोपऱ्यातलं काय वाटेल ते घे! मला विचारू नकोस!"

तिने विचारले नाही. आमच्या संसारात माझी आज्ञा तंतोतंत पाळली गेल्याची ही पहिलीच नोंद.

संध्याकाळी मला आरास पाहायला बोलावण्यात आले. मधल्या खोलीत, माझ्या खोलीच्या बंद दाराला लागून (मी ओसरीच्या दाराने ये-जा करीत असे), दोन पायऱ्या रचल्या होत्या. त्यांवर भैरवगढचे छापील पलंगपोस पसरले होते आणि वरच्या पायरीवर झोपाळ्यात गौर बसली होती. मी पायरी बोटाने दाबून पाहिली. हलली नाही. मी आतून माझा रूळ आणला आणि कडेला लावून पाहिला. एका केसाचा फरक नव्हता.

"हे कोणी रचलं?" मी विचारले.

"मी, बाबा!" मालू म्हणाली.

"शाबास. याला म्हणतात काम. एक कोन चुकलेला नाही!"

पलंगपोसाखाली काय आहे, हे विचारण्याचे मला सुचले नाही. इतक्या चौकोनी वस्तू उज्जैनमध्ये एकच माणूस बांधत असे, हेही सुचले नाही.

अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आलो. मूळ हुकूम काढून अर्जाला जोडणे, एवढेच उरले होते. नेमके त्याच दुपारी आमच्याकडे गौरीचे हळदीकुंकू होते. स्वयंपाकघरात कैरीची डाळ वाटली जात होती, पन्ह्याचे पातेले भरले जात होते, आणि सुमतीने कलिंगडाचे कमळ कोरून ठेवले होते. खायची वस्तू कोरून कमळ करायचे आणि मग ते कमळ कोणी खायचे नाही! मी नाक मुरडून खोलीत गेलो. कोपरा रिकामा होता.

तिथे माझे चार बस्ते असत. लाल कापडात, दोरीने, चहूबाजूंनी घट्ट बांधलेली कागदांची चार गाठोडी. तीन बस्त्यांत कचेरीची परिपत्रके होती. चौथ्यात मी होतो.

"मालू! बस्ते कुठे आहेत?"

"गौरीखाली."

"कोणाखाली?"

"गौरीखाली, बाबा. पुढे एक, मागे तीन. तुमच्या नावाचा मागे सगळ्यात खाली आहे. तो सगळ्यात जाड होता ना, म्हणून पाया केला."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. "सुमती, गौर उचल. माझा बस्ता काढायचा आहे."

"इश्श! बसलेली गौर कोणी उचलतं का?"

"उद्या अर्ज द्यायचा आहे!"

"मग द्या ना. मी कुठे अडवलंय?"

"हुकूम त्या बस्त्यात आहे!"

"अक्षय्य तृतीयेला देते काढून."

"तोवर कानडे माझा वरिष्ठ होईल!"

"होऊ द्या. त्यांच्या बायकोचा स्वभाव फार चांगला आहे." ती डाळीवर फोडणी ओतीत म्हणाली. "आणि आज काही गोंधळ घालू नका. तुमच्या नव्या मिश्रा साहेबांच्या बाई येणार आहेत. बिचाऱ्या रीवाकडच्या, इथे कोणी ओळखीचं नाही. मी मुद्दाम बोलावलंय."

ज्येष्ठतेचे अर्ज ज्यांच्याकडे जाणार होते, ते हेच मिश्रा साहेब! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गौर माझ्या वीस वर्षांवर बसली होती.

मी खोलीत जाऊन विचार केला. गौरीला उचलायचे नव्हते, पण बस्ता काढण्यास शास्त्राची हरकत नव्हती. माझ्या खोलीचे बंद दार आतल्या बाजूला उघडत असे, आणि ते उघडले की समोर आराशीची पाठ. रुळाने वरचे दोन बस्ते तसूभर उचलायचे, खालचा ओढून घ्यायचा आणि त्याच जागी तेवढ्याच उंचीचे पाट सरकवायचे. समोरच्या बायकांना कळणारही नाही. मी उंची मोजली. पाच पाट लागत होते. कागदावर आकृती काढली. आकृती निर्दोष होती. (ती मी अजून ठेवली आहे. तिच्यात आजही दोष सापडत नाही.)

फराळाची ताटे आणि पन्ह्याचे पातेले आराशीवर मांडून झाले, आणि चार वाजता बायका आल्या. कुंकू लावणे, अत्तर लावणे, भिजवलेल्या हरभऱ्याने ओट्या भरणे सुरू झाले. मी सदरा काढून ठेवला, दार हळूच उघडले आणि जमिनीवर पालथा पडलो. मालू पाट घेऊन शेजारी बसली. मी रूळ घातला आणि दाबला.

पलीकडून कोणीतरी ओरडले.

"अगं बाई! गौर डोलतेय!"

"वाऱ्यानं असेल."

"कसला वारा? पान हलत नाहीये बाहेर!"

मिश्रा बाईंचा आवाज आला. "अरे देखिए तो! मैया अपने आप झूल रही हैं!"

सुमतीने एकवार आराशीमागच्या दाराकडे पाहिले असावे. ती मूर्ख नव्हती. "हाँ बहनजी," ती म्हणाली, "हमारे यहाँ झूलती हैं."

मी घाबरून हात सैल सोडला.

"थांबली!"

"तुम्ही ओरडलात ना, म्हणून लाजली असेल."

मी पुन्हा रूळ दाबला. पलीकडे पुन्हा कुजबुज, बांगड्यांचा आवाज, आणि कोणीतरी गौरीचे गाणे म्हणू लागले. सगळ्यांनी सूर धरला. साक्षात्कार होत होता, आणि तो मी बनियनमध्ये पालथा पडून करीत होतो!

"बाबा," मालू कानात म्हणाली, "अजून एकदा झुलवा. त्यांना आवडतंय."

"गप्प बस आणि पाट दे!"

तीन पाट गेले. बस्ता अर्धा बाहेर आला आणि अडला. ओढला, येईना. आरास नीटनेटकी दिसावी म्हणून मालूने पलंगपोसाचे टोक माझ्या बस्त्याच्या दोरीत खोवून वर गाठ मारली होती, हे मला ठाऊक नव्हते. (गाठ मारायला तिला मीच शिकवले होते.) मी उठून बसलो, दोन्ही पाय दाराच्या चौकटीला टेकले, वीस वर्षांची सेवा डोळ्यांपुढे आणली आणि सर्व शक्तीनिशी ओढले.

बस्ता आला. त्याच्यामागून पलंगपोस आला. त्याच्यावरून करंज्या, कलिंगडाचे कमळ आणि कैरीच्या डाळीचे ताट माझ्या डोक्यावर आले. शेवटी, जरा विचार केल्यासारखे थांबून, पन्ह्याचे पातेले आले.

गौर मात्र उलट दिशेला गेली. मिश्रा बाईंनी पदर पसरला आणि तिला वरचेवर झेलले.

गाणे थांबले. दहा-बारा बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी बस्ता छातीशी धरून उताणा पडलो होतो. माझ्या कानात डाळ होती.

"ये कौन हैं?" मिश्रा बाईंनी विचारले.

"ये..." सुमती थांबली. चौदा वर्षांच्या संसारानंतर या प्रश्नाला तिला इतका विचार करावा लागला. "ये यहीं रहते हैं."

काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "नमस्ते. ज्येष्ठता सूची का काम चल रहा है."

"लेटे-लेटे?"

यानंतर बायका ज्या हसल्या, ते हसणे टावर चौकापर्यंत ऐकू गेले असावे. सुमती मात्र हसली नाही. तिचे डोळे भरले होते. महिनाभर जिला हलवायचे नाही, ती गौर उठली होती. तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी निर्णय दिला. "जमिनीला टेकली का? नाही ना? मग उठली कुठे? या मांडीवरून त्या मांडीवर गेली. लेकी जातातच. बसवा परत." मिश्रा बाईंनीच स्वतःच्या हातांनी गौर पुन्हा बसवली. नवी आरास वाकडी होती. मी रूळ लावून पाहिला नाही.

शनिवारी मी अर्ज दिला. हुकूम शाबूत होता. तो पिवळा झाला होता, चिकट झाला होता आणि त्याला वेलदोड्याचा वास येत होता, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. मिश्रा साहेबांनी तो नाकाशी नेला.

"घरवाली ने सब बताया," ते म्हणाले. "एक काग़ज़ के लिए आदमी पना में नहा ले! ऐसी लगन मैंने नौकरी में नहीं देखी." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या अर्जावर लांबलचक शिफारस लिहिली.

कानडेने अर्जच दिला नव्हता. मला त्याची कीव आली. माणसाला इतकीही महत्त्वाकांक्षा नसावी!

यादी आली. माझे नाव वर, कानडेचे खाली. आठ दिवस मी खुर्चीत ताठ बसलो. नवव्या दिवशी हुकूम आला. राजधानी भोपाळला झाली होती, तिथे कचेरी उभी करायची होती, आणि त्यासाठी प्रत्येक गावाहून सर्वांत ज्येष्ठ कारकून पाठवायचा होता. ताबडतोब. कुटुंबासाठी जागा नाही.

"ज्येष्ठतेच्या परिपत्रकात, दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं की," कानडे म्हणाला. "तुम्ही वाचलं नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला भोपाळची हौस आहे."

मी पहिल्याच परिच्छेदावर अकरा मसुदे लिहिले होते.

घरी सुमतीने हुकूम ऐकला आणि गहू निवडणे चालू ठेवले. एक ताट निवडून झाल्यावर म्हणाली, "मला वाटलंच होतं, ज्येष्ठ झालात की नेतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

भोपाळला एका खोलीत आम्ही तिघे राहत होतो. एक रीवाचा, एक ग्वाल्हेरचा आणि मी. तिघेही ज्येष्ठ. एकालाही पोळी लाटता येत नव्हती. पुढच्या चैत्रात मालूचे पत्र आले. 'यंदा आईने पायऱ्यांना विटा घेतल्या. गौर अजिबात झुलत नाही. सगळ्यांनी विचारले, का झुलत नाही.' ते पत्र मी तीनदा वाचले. अक्षर फार वाईट होते.

मग मी सरकारला अर्ज केला. माझी ज्येष्ठता रद्द करावी, मला श्री. कानडे यांच्याखाली घालावे आणि उज्जैनला परत पाठवावे. भाषा विनम्र होती, कारणे सबळ होती. मसुदा एकदाच केला.

भोपाळच्या कचेरीत ज्येष्ठतेविषयीचे सर्व अर्ज तपासण्याचे काम सर्वांत ज्येष्ठ कारकुनाकडे होते. त्यामुळे तो अर्ज चार दिवसांनी माझ्याच टेबलावर आला. मी सोबतची कागदपत्रे बारकाईने पाहिली. अर्जदाराच्या ज्येष्ठतेचा पुरावा निर्विवाद होता. नियमाप्रमाणे मी तो अर्ज फेटाळला.