गोलसमोरचा दगड

गोलसमोरचा तो दगड मला दिसला होता. मी उचलला नाही. आण्णा आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी एवढं कबूल करायला हवं.

सामन्याआधी आण्णा डोक्यावरची टोपी काढून उलटी धरत आणि वाकून मैदानभर खडे वेचत फिरत. कराडजवळची आपली दगडखाण बंद करून, तिच्या सपाट तळावर मुरूम पसरून त्यांनीच ते मैदान केलं होतं. कुणी हसलं तर म्हणत, "दगड इकून मोठा झालो, गड्या. आता येचायची पाळी माजी."

मी शाळेत खेळाचा शिक्षक. तालुक्यात फुटबॉल म्हणजे मी, असं मला वीस वर्षं वाटत होतं. आण्णांना नियमही ठाऊक नव्हते. तालुक्याच्या फुटबॉल संघटनेच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "गुर्जी, ते ऑफसाइड म्हंजे काय आसतंय?" सगळे हसले आणि हसत हसत त्यांनाच अध्यक्ष केलं. त्या खुर्चीवर माझा डोळा होता.

त्यांनी लोणंदपासून पलूसपर्यंतच्या संघांना बूट दिले. खाणमजुरांच्या पोरींची फी भरली, त्यांचा संघ उभा केला. शिकवायचो मी; पण गोल झाला की पोरी धावत जायच्या आण्णांकडे. तुम्ही कधी कुणावर जळला असाल तर तुम्हाला कळेल, त्यांच्यात खोट सापडत नाही याचाच मला राग यायचा.

पोरींच्या अंतिम सामन्याला खड्यांनी टोपी भरून आण्णा पाहुण्यांशेजारी बसले. तेव्हा गोलसमोर एक टोकदार काळा दगड राहिलेला मला दिसला. होऊ दे आण्णांची फजिती, म्हटलं. त्याच दगडावर आमच्या गोलकीपर पोरीचा गुडघा फाटला.

आण्णा तिच्याजवळ मुरमातच बसले. "माजी नजर चुकली गं, बाळ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुर्जी, तुमची नजर बारीक हाय. इथनं फुडं मैदान तुमी बघायचं." आणि टोपी माझ्या हातात दिली.

तीन वर्षं मी त्या टोपीत खडे वेचले. तो दगड मात्र सामन्यानंतर उचलून मी माझ्या कपाटात ठेवला होता.

आण्णांनी अंथरूण धरल्यावर तो घेऊन गेलो. त्यांचे डोळे अधू झाले होते. त्यांनी बोटांनीच चाचपला. "आपल्याच खाणीचा ह्यो. कुठं घावला?"

"गोलसमोर. पोरगी पडायच्या आधीच मला दिसला होता, आण्णा. तुमच्यावर जळत होतो, म्हणून उचलला नाही. ती पोरगी आता पलूसला असते; तिथं जाऊन आधी तिच्यासमोर हे बोलून आलोय. चुकलो मी. माफ करा."